उड्डाणापूर्वीची पंधरा मिनिटे : लहान विमानांची तपासणी आणि तिच्यात होणाऱ्या चुका

मोठ्या प्रवासी विमानाच्या प्रत्येक उड्डाणामागे अनेक माणसे उभी असतात. इंधन भरणारा वेगळा, वजनाचा हिशेब करणारा वेगळा, यंत्रांची पाहणी करणारा अभियंता वेगळा आणि वैमानिक दोन. एकाच्या नजरेतून सुटलेली गोष्ट दुसऱ्याच्या नजरेस पडण्याची शक्यता तेथे मोठी असते. दोन किंवा चार आसनांच्या खासगी विमानात मात्र ही सारी कामे बहुधा एकटा वैमानिकच करतो. त्याच्या नजरेतून जे सुटते ते विमानाबरोबर आकाशात जाते. म्हणूनच लहान विमानांच्या जगात उड्डाणपूर्व तपासणीला इतके महत्त्व आहे.

अप्पर हट परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा विषय वाटतो तितका दूरचा नाही. अकाटारावाच्या डोंगरांपलीकडे कापिटी किनाऱ्यावर पारापाराउमूचा विमानतळ आहे, रेमुटाका रांगेच्या पूर्वेस मास्टरटनचे हूड विमानक्षेत्र आहे आणि दक्षिणेस वेलिंग्टन. या तिन्ही ठिकाणांहून लहान विमाने उडतात. भारतातून वैमानिकीच्या शिक्षणासाठी न्यूझीलंडला येणाऱ्या विद्यार्थ्यांत मराठी मुलेमुलीही असतात, आणि महाराष्ट्रातही बारामती, धुळे, गोंदियाजवळील बिरसी येथे हेच शिक्षण चालते. तपासणीचे नियम तपशिलांत देशागणिक बदलतात. तिच्यात होणाऱ्या चुका मात्र सगळीकडे सारख्याच असतात.

तपासणी-सूचीचा उगम

३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, डेटनजवळच्या राइट फील्ड येथे, बोइंग कंपनीच्या ‘मॉडेल २९९’ या चार इंजिनांच्या नव्या बॉम्बफेकी विमानाची चाचणी होती. विमानाने जमीन सोडली, नाक अवास्तव वर केले, वेग गमावला आणि ते कोसळून पेटले. लष्करी वैमानिक मेजर प्लॉयर हिल आणि बोइंगचे मुख्य चाचणी-वैमानिक लेस्ली टॉवर या दोघांचा या अपघातात अंत झाला. इंजिनांत दोष नव्हता, रचनेतही नव्हता. विमान उभे असताना शेपटीकडील हलती पाती वाऱ्याने आपटू नयेत म्हणून त्यांना खीळ घालतात. ती खीळ काढायची राहून गेली होती.

दोघेही कसलेले वैमानिक होते. त्यामुळे अधिक प्रशिक्षण हा यावरचा उपाय ठरू शकत नव्हता. नव्या विमानात लक्षात ठेवण्याच्या गोष्टीच इतक्या झाल्या होत्या की स्मरणशक्तीवर विसंबणे धोक्याचे होते. तेव्हा उड्डाणापूर्वी, उड्डाणात, उतरण्यापूर्वी आणि उतरल्यानंतर करावयाच्या कामांच्या छोट्या याद्या तयार करण्यात आल्या. त्याच विमानाची पुढची आवृत्ती ‘बी-१७’ या नावाने दुसऱ्या महायुद्धात गाजली आणि १२ हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. आज कोणत्याही उड्डाणसंस्थेत विद्यार्थ्याच्या हाती पहिल्या दिवशी जो कागद पडतो, त्याचे मूळ या अपघातात आहे.

विमानाभोवतीची प्रदक्षिणा

तपासणीचा पहिला भाग म्हणजे विमानाभोवती घातलेली एक पूर्ण प्रदक्षिणा. ठरलेल्या जागेपासून आरंभ करून, ठरलेल्या दिशेने, प्रत्येक भागाला नजरेने आणि हाताने स्पर्श करीत पुन्हा त्याच जागी यायचे. पंखांच्या कडा, बिजागऱ्या, बोल्ट आणि त्यांच्या सुरक्षा-पिना, टायर, ब्रेकच्या नळ्या, पंख्याच्या पात्यांवरील चिरा, इंजिनातील तेलाची पातळी, तेलाच्या व इंधनाच्या टाक्यांची झाकणे, जमिनीवर गळलेल्या द्रवाचे डाग हे सारे या फेरीत पाहिले जाते. चाकांखालचे अडथळे, बांधलेले दोर आणि हँगरमधून विमान ओढून काढण्यासाठी नाकाच्या चाकाला लावलेली दांडी काढली आहे ना, हेही. ही दांडी तशीच राहून इंजिन सुरू केले, तर पंखा तिच्यावर आदळतो आणि एका क्षणात पंखा व इंजिन दोन्ही निकामी होऊ शकतात.

या फेरीतील सर्वांत जीवघेणी चूक तीच आहे जी १९३५ साली घडली. डेटनच्या दुर्घटनेला वर्षही झाले नव्हते तोच, ३ जून १९३६ रोजी, जर्मन हवाई दलाचे प्रमुख सेनाधिकारी वाल्थर वेव्हर ड्रेस्डेन येथे हाइंकेल ७० विमान घेऊन घाईने निघाले. पंखांवरील एलेरॉनची खीळ काढलेली नव्हती. विमान उठताच कलंडले आणि कोसळले. जवळजवळ ८० वर्षांनंतर, ३१ मे २०१४ रोजी, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात बेडफर्ड येथे एका खासगी गल्फस्ट्रीम जेटने खीळ लागलेल्या अवस्थेतच धावपट्टीवर धाव घेतली. विमान उठलेच नाही. धावपट्टी ओलांडून ते ओढ्याच्या घळीत गेले आणि पेटले. विमानातील सातही जण मृत्यू पावले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने विमानातील नोंदी तपासल्या तेव्हा दिसून आले की, आधीच्या १७५ उड्डाणांपैकी ९८ टक्के उड्डाणांत या वैमानिकांनी नियंत्रणांची पूर्ण तपासणी केलीच नव्हती. दोघेही अनुभवी होते आणि अनेक वर्षे एकत्र उडत होते. तपासणी गाळूनही काही बिघडत नाही, हा धडा त्यांना १७० हून अधिक वेळा मिळाला होता.

नियंत्रणे पूर्ण आणि सहज हलतात, एवढे पाहून भागत नाही. ती योग्य दिशेने हलतात का, हेही पाहावे लागते. दांडा डावीकडे केला की डाव्या पंखावरचे एलेरॉन वर गेले पाहिजे आणि उजव्यावरचे खाली. हे बालबोध वाटते. परंतु दुसऱ्या महायुद्धातील प्रसिद्ध लँकेस्टर विमानाचे रचनाकार रॉय चॅडविक २३ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्लंडमध्ये वुडफर्ड येथे ज्या ट्यूडर विमानाच्या अपघातात मरण पावले, त्या विमानाच्या एलेरॉनच्या तारा दुरुस्तीनंतर उलट जोडल्या गेल्या होत्या. ११ नोव्हेंबर २०१८ रोजी पोर्तुगालमध्ये मोठ्या दुरुस्तीनंतर निघालेल्या एअर अस्तानाच्या एम्ब्राएर विमानाबाबतही तेच घडले. ते विमान कसेबसे बेजा येथे उतरवण्यात वैमानिकांना यश आले. विमान कार्यशाळेतून परत आल्यावरची पहिली तपासणी नेहमीपेक्षा दुप्पट काळजीने करावी, हा संकेत अशाच अनुभवांतून आला आहे.

पक्षी, कुंभारीण आणि पिटो नळी

निसर्गाला उभे विमान म्हणजे आयते घर वाटते. न्यूझीलंडमध्ये सप्टेंबर ते नोव्हेंबर या वसंताच्या महिन्यांत युरोपीय स्टार्लिंग पक्षी हे वैमानिकांच्या डोकेदुखीचे कारण असतात. आपल्या साळुंकीच्याच कुळातला हा पक्षी १८६२ साली या देशात आणला गेला. इंजिनाच्या आवरणाखाली, शेपटीच्या पोकळीत, पंखांच्या फटींत तो सुकलेल्या गवताचे घरटे बांधतो, आणि तेही काही तासांत. सकाळी रिकामे असलेले इंजिनाचे कप्पे दुपारी गवताने भरलेले असू शकतात. त्यामुळे इंजिनाला थंड ठेवणारी हवा अडते, तापलेल्या धातूलगतचे गवत पेट घेऊ शकते आणि शेपटीतील तारा अडकू शकतात. देशाच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाचे ‘व्हेक्टर’ हे नियतकालिक या धोक्याची आठवण वैमानिकांना करून देत आले आहे. उपाय साधे आहेत: विमान उभे असताना छिद्रे बुजवणारी आवरणे लावावीत, आणि उड्डाणापूर्वी टॉर्चच्या उजेडात आत डोकावून पाहावे. विमानाभोवती गवताच्या दोनचार काड्या पडलेल्या दिसल्या, तरी आवरण उघडून पाहावे.

दुसरा पाहुणा म्हणजे कुंभारीण. चिखलाची घरटी करणारी ही माशी महाराष्ट्रात घराघरांत भिंतीच्या कोपऱ्यांत दिसते. विमानाच्या बाहेर पिटो नळी नावाची एक बारीक नळी असते. तिच्यात शिरणाऱ्या हवेच्या दाबावरून वेग मोजला जातो. कुंभारणीने ती नळी चिखलाने बुजवली, तर वेगदर्शक खोटे सांगू लागतो किंवा काहीच सांगत नाही. ब्रिस्बेन विमानतळावर हा उपद्रव इतका आहे की उभ्या विमानांच्या पिटो नळ्यांना आवरणे घालतात. १८ जुलै २०१८ रोजी तेथून मलेशिया एअरलाइन्सचे एअरबस ३३० विमान ही आवरणे न काढताच उडाले. अनेक माणसांच्या नजरेखालून विमान गेले, तरी आवरणे कोणास दिसली नाहीत. वैमानिकांनी वेगदर्शकाविना विमान सुखरूप उतरवले. लहान विमानांत या आवरणाला लांब लाल फीत लावलेली असते. धावपट्टीवर वेग घेताना वेगदर्शकाचा काटा हलतो आहे का हे पाहणे आणि न हलल्यास तत्काळ थांबणे, ही या चुकीवरची अखेरची संधी होय.

इंधन : किती, कोणते, किती शुद्ध

इंधनाविषयी तीन प्रश्न विचारावे लागतात. पहिला, ते किती आहे. लहान विमानांतील इंधनदर्शक काट्यांवर विसंबू नये, असे प्रत्येक प्रशिक्षक सांगतो. टाकीचे झाकण उघडून मोजपट्टी बुडवायची आणि आकडा लिहून ठेवायचा, ही खात्रीची रीत. न्यूझीलंडच्या नियमांनुसार दृश्य उड्डाणासाठी निघालेल्या विमानात गंतव्य स्थानी पोहोचल्यावरही दिवसा किमान ३० मिनिटे आणि रात्री ४५ मिनिटे पुरेल एवढे इंधन शिल्लक असावे लागते. शिवाय टाकीतील सर्व इंधन वापरता येत नाही. सेस्ना १७२ च्या अलीकडच्या नमुन्यात सुमारे २१२ लिटर इंधन मावते. त्यातील सुमारे २०१ लिटरच इंजिनापर्यंत पोहोचण्याची हमी असते.

या पहिल्या प्रश्नाची किंमत गायक जॉन डेन्व्हर यांच्या अपघाताने जगासमोर आली. मुंबईत कांदिवलीतील गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांच्यामुळे ‘घरी बांधलेले विमान’ ही कल्पना मराठी वाचकाला अपरिचित नाही. डेन्व्हर यांनी नुकतेच विकत घेतलेले ‘लाँग-ईझेड’ विमान याच प्रकारचे होते. बांधणाऱ्याने इंधनाची टाकी बदलण्याची कळ मूळ आराखड्याप्रमाणे पुढे न ठेवता वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. इंधनाची पातळी दाखवणाऱ्या काचाही मागेच होत्या. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे उड्डाणापूर्वी ही कळ हाताला नीट येत नसल्याचे लक्षात आले. तंत्रज्ञाच्या मदतीने पकडीची चिमटी लावून पाहिली, तरी आसनावर बसून तिच्यापर्यंत पोहोचणे अवघडच राहिले. इंधन भरून देण्याचा प्रस्तावही डेन्व्हर यांनी नाकारला. थोडाच वेळ उडायचे होते. काही वेळाने इंजिनाची शक्ती गेली आणि विमान समुद्रात कोसळले. कळ फिरवण्यासाठी वळताना विमानावरचे नियंत्रण सुटले, आणि उड्डाणापूर्वीची तयारी व इंधन अपुरे होते, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. दोन्ही उणिवा जमिनीवर असतानाच दिसल्या होत्या, हे या प्रकरणात ध्यानात घेण्यासारखे आहे. तपासणीने आपले काम केले होते. तिने सांगितलेले ऐकले गेले नाही.

दुसरा प्रश्न, इंधन कोणते आहे. पिस्टन इंजिनाच्या विमानांना अॅव्हगॅस लागते. त्याचा नेहमीचा प्रकार निळ्या रंगाचा असतो. जेट इंधन रंगहीन किंवा गवती पिवळसर असते. अमेरिकेचे विख्यात वैमानिक बॉब हूव्हर यांच्या पिस्टन इंजिनाच्या विमानात सॅन डिएगोजवळ चुकून जेट इंधन भरले गेले. उड्डाण होताच दोन्ही इंजिने बंद पडली. हूव्हर यांनी विमान घळीत उतरवले आणि ते व त्यांचे दोन्ही सहप्रवासी वाचले. पुढच्या दिवशी आपल्या विमानात इंधन त्याच कर्मचाऱ्याने भरावे, असा आग्रह त्यांनी धरला. ही चूक तो पुन्हा कधीही करणार नाही, अशी त्यांची खात्री होती. याच प्रसंगातून जेट इंधनाच्या नळीला रुंद तोंड देण्याची पद्धत रूढ झाली. ते तोंड अॅव्हगॅसच्या टाकीत शिरतच नाही.

तिसरा प्रश्न, इंधन शुद्ध आहे का. अर्धवट रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने दंव साचते, आणि जुन्या झाकणातून पावसाचे पाणी झिरपते. हट खोऱ्यासारख्या ओल्या हवेत हा धोका नित्याचा आहे. पाणी इंधनापेक्षा जड असल्याने तळाशी जाते; म्हणून टाकीच्या तळाला असलेल्या तोट्यांतून पारदर्शक पेल्यात थोडे इंधन काढून पाहतात. सेस्ना १७२ च्या नव्या नमुन्यांत अशा १३ तोट्या आहेत. येथेही एक फसवणूक दडलेली असते: पेल्यात नुसतेच पाणी आले, तर त्यात रेषा दिसत नाही आणि घाईत ते स्वच्छ इंधन वाटते. म्हणून रंग पाहावा आणि वासही घ्यावा.

वजन आणि समतोल

चार आसने आहेत म्हणून चार माणसे बसवता येतात, हा समज लहान विमानांबाबत खरा नाही. वर उल्लेखिलेल्या सेस्नाचे कमाल उड्डाणवजन सुमारे १,१५७ किलो आहे. रिकाम्या विमानाचे वजन ७७० किलोच्या आसपास धरले, तर उरतात ३८७ किलो. भरलेल्या टाक्यांतील इंधनाचे सुमारे १४५ किलो वजा जाता माणसे आणि सामान यांना २४२ किलो मिळतात. म्हणजे ८० किलोची तीन माणसे बसली की विमान भरले. चौथ्याला न्यायचे तर इंधन कमी करावे लागते, आणि इंधन कमी केले तर अंतर कमी होते. हा हिशेब पाहुण्यांसमोर, विमानाच्या दारात उभे राहून करणे अवघड असते. तो घरी, कागदावर आणि खऱ्या वजनांनिशी करावा.

एकूण वजनाइतकेच त्याचे स्थान महत्त्वाचे. गुरुत्वमध्य मागे सरकला, तर विमानाचे नाक वर जाऊ लागते आणि ते आवरणे कठीण होते. ४ सप्टेंबर २०१० रोजी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर फॉक्स ग्लेशियर येथे हवाई छत्रीउड्या घेणाऱ्यांना नेणारे फ्लेचर विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि त्यातील नऊही जण मृत्यू पावले. वाहतूक अपघात चौकशी आयोगाला असे आढळले की गुरुत्वमध्य मागील मर्यादेच्या पलीकडे गेला होता, आणि अशा उड्डाणांसाठी वजन-समतोलाचा नीट हिशेब केला जात नव्हता. पुढे झालेल्या फेरविचारात अपघाताचे कारण एवढ्या एकाच गोष्टीवर निश्चित करता आले नाही. तरीही हिशेबाशिवाय उडण्याची सवय किती सहज रुजते, हे या चौकशीने दाखवून दिले.

इंजिनाची परीक्षा

प्रदक्षिणेनंतर आणि धावपट्टीवर जाण्यापूर्वी ब्रेक लावून इंजिन वाढत्या फेऱ्यांवर चालवून पाहतात. पिस्टन इंजिनाला ठिणगी देणारी यंत्रणा दुहेरी असते: दोन मॅग्नेटो आणि प्रत्येक नळकांड्यात दोन स्पार्क प्लग. एकेक मॅग्नेटो बंद करून फेऱ्या किती घटतात ते पाहायचे. मर्यादा निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेली असते. फेऱ्या फार घटल्या तर प्लग खराब आहे. मुळीच घटल्या नाहीत तर तेही वाईट लक्षण आहे, कारण त्या मॅग्नेटोची तार तुटलेली असू शकते आणि कळ बंद असतानाही पंखा हाताने फिरवताच इंजिन सुरू होऊ शकते.

साध्या स्पार्क प्लगचे मोल भारतीय विमानविद्येच्या इतिहासात एका प्रसंगाने कोरले गेले आहे. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातील पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्यांचे शिक्षण जुहूच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये झाले होते. १९३० साली आगाखान पारितोषिकासाठी इंग्लंड आणि भारत यांमधील एकट्याच्या उड्डाणाच्या स्पर्धेत ते कराचीहून निघाले, तर अॅस्पी इंजिनियर हा तरुण उलट दिशेने येत होता. इजिप्तमधील अबूकीर येथे अॅस्पी स्पार्क प्लगअभावी अडकून पडले होते. टाटांनी आपल्याजवळचा प्लग प्रतिस्पर्ध्याला दिला. अॅस्पी जिंकले, टाटा मागे राहिले, आणि अॅस्पी इंजिनियर पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

वैमानिकाची स्वतःची तपासणी आणि हवामान

विमानाच्या आधी वैमानिकाने स्वतःला तपासावे. आजार, औषधे, मनावरील ताण, मद्य, थकवा आणि उपाशीपोट हे सहा प्रश्न जगभर शिकवले जातात. सर्दीवरील साध्या गोळ्यांनीही झोप येते आणि चोंदलेल्या कानांना उंचीवर असह्य वेदना होतात. मद्यानंतर किती काळ उडू नये याचे नियम वेगवेगळे आहेत: अमेरिकेत किमान ८ तास, तर भारतात १२ तास. परंतु नियम पाळूनही रात्रीच्या जागरणाची भरपाई होत नाही.

वेलिंग्टन परिसरात हवामानाची तपासणी हा स्वतंत्र विषय आहे. वायव्येचा वारा टाराऊआ आणि रेमुटाका रांगांवरून वायरारापाच्या बाजूस उतरताना प्रचंड खळबळ निर्माण करतो. वर निळे आकाश असते, आणि डोंगराच्या आडोशाला लहान विमान उंची राखू शकत नाही. अप्पर हटमध्ये ढग डोंगरमाथ्याला टेकलेले दिसत असतील, तर पलीकडे जाणारी खिंड बंद आहे असेच समजावे. मार्गाची आणि परतीच्या वेळेची नोंद अधिकृत सेवेकडे करणे आणि ४०६ मेगाहर्ट्झचे संकटसूचक यंत्र चालू स्थितीत असणे, हाही उड्डाणपूर्व तपासणीचाच भाग आहे. विमान वेळेवर परतले नाही, तर शोध कोठे घ्यायचा हे त्यावरून ठरते.

जाणत्यांकडून चुका का होतात

या प्रकरणांतील बहुतेक माणसे अज्ञानी नव्हती. तपासणीत चूक होते ती प्रामुख्याने चार कारणांनी. पहिले कारण व्यत्यय: प्रदक्षिणा अर्ध्यावर असताना फोन वाजतो किंवा पाहुणा प्रश्न विचारतो, आणि परतल्यावर वैमानिक जेथे थांबला होता त्याच्या पुढून सुरुवात करतो. दुसरे कारण घाई. तिसरे परिचय: शंभर वेळा ठीक दिसलेला बोल्ट एकशे एकाव्या वेळी डोळा पाहतो, पण मन पाहत नाही, आधीचेच चित्र ते पुढे करते. चौथे कारण भीड. पाहुणे तयार होऊन आले आहेत, मुले उत्सुक आहेत, अशा वेळी किरकोळ वाटणाऱ्या दोषासाठी बेत रद्द करणे जड जाते.

यावरचे उपायही अनुभवाने ठरले आहेत. व्यत्यय आला, तर त्या भागाची तपासणी पहिल्यापासून करावी. सूची हातात घेऊन मोठ्याने वाचावी आणि ज्या वस्तूचे नाव घेतले तिला स्पर्श करावा. भारतीय रेल्वेचे इंजिनचालक सिग्नलचा रंग मोठ्याने उच्चारतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे: डोळा, हात आणि वाणी एकत्र आली की मनाला चुकारपणा करता येत नाही. परतीची अंतिम वेळ आदल्या दिवशीच शिथिल ठेवावी, म्हणजे घाई आणि भीड या दोहोंची धार कमी होते.

विमानापासून शस्त्रक्रियेपर्यंत

१९३५ च्या त्या अपघाताची कथा पुढे जगभर पोहोचवली ती एका मराठी घरातील शल्यविशारदाने. यवतमाळ जिल्ह्यातील उटी या गावच्या गावंडे कुटुंबातील डॉ. अतुल गावंडे यांचा जन्म अमेरिकेत झाला. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानविद्येतून प्रेरणा घेऊन शस्त्रक्रियेसाठी १९ कलमांची तपासणी-सूची तयार केली. जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत तिची चाचणी झाली. त्यांत नवी दिल्ली होते आणि न्यूझीलंडचे ऑकलंडही. २००९ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. त्याच वर्षी ‘द चेकलिस्ट मॅनिफेस्टो’ या पुस्तकात गावंडे यांनी हा अनुभव मांडला.

कथेचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. कॅनडातील ऑन्टेरियो प्रांतात १०१ रुग्णालयांत ही सूची लागू केल्यानंतर झालेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्यू व गुंतागुंत यांत लक्षणीय घट आढळली नाही. सूची लागू होणे आणि ती मनापासून पाळली जाणे यांत अंतर असते, असा अर्थ अनेक जाणकारांनी यातून काढला. बेडफर्डच्या विमानातही सूची होतीच. काहीतरी बिघडलेले असू शकते, असे गृहीत धरून पाहणाऱ्याच्या हातातच ती उपयोगी पडते.

सोबत जाणाऱ्यांसाठी

लहान विमानातून फेरफटक्याला जाणाऱ्या कुटुंबांनाही या तपासणीत वाटा उचलता येतो. आपले आणि सामानाचे वजन खरे सांगावे; संकोचाने पाचसहा किलो कमी सांगितल्यास हिशेब चुकतो. वैमानिक प्रदक्षिणा घालत असताना त्याच्याशी बोलू नये, छायाचित्रासाठी थांबवू नये आणि मुलांना पंख्यापासून दूर ठेवावे. लोंबणारी लाल फीत, सैल झाकण, जमिनीवरचे ओले डाग, दरवाजातून बाहेर राहिलेले पट्ट्याचे टोक असे काही दिसले, तर क्षुल्लक वाटले तरी सांगावे. चांगला वैमानिक त्याबद्दल आभारच मानतो. आणि त्याने हवामानामुळे किंवा शंकेमुळे उड्डाण रद्द केले, तर नाराजी न दाखवता घरी परतावे.

वैमानिकासाठी तपासणीचा खरा आरंभ आदल्या उड्डाणाच्या शेवटी होतो. उतरल्यावर खिळी व आवरणे जागच्या जागी लावणे, त्यांच्या लाल फिती ठळक दिसतील अशा ठेवणे, राहिलेले इंधन मोजून वहीत लिहिणे आणि जाणवलेला प्रत्येक दोष नोंदवणे, एवढे केले की पुढच्या वेळी येणाऱ्याला विमान कोणत्या स्थितीत आहे याची पहिली माहिती मिळते. लहान विमाने बहुधा अनेक जणांत सामायिक असतात. तो पुढचा माणूस दुसराच कोणी असू शकतो.